नोंद कुणी केली, पुसणार कोण? खानदेशातल्या 'गुन्हेगारां'चा इतिहास आणि दुसऱ्या संधीचा हक्क

गुन्हा केला तर शिक्षा झाली पाहिजे, याबद्दल आमचा कुणाशीही वाद नाही. आमचा प्रश्न शिक्षा संपल्यानंतरचा आहे. तीन महिन्यांची कैद भोगून माणूस घरी येतो, पण पोलीस ठाण्यातली त्याची नोंद तीस वर्षे तिथेच बसून राहते. नोकरीचा अर्ज भरताना, चारित्र्य पडताळणीच्या वेळी, गावात कुठे चोरी झाली की पहाटे दारावर थाप पडते तेव्हा, ती नोंद पुन्हा पुन्हा उघडली जाते. निर्दोष सुटलेल्यालाही अर्जात 'तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?' या प्रश्नापुढे 'होय' लिहावे लागते. मग ही शिक्षा संपते तरी कधी?

हा विषय काढला की लगेच ऐकू येते, 'म्हणजे तुम्ही आता गुन्हेगारांची बाजू घेणार?' चळवळीतले काही मित्रही असेच विचारतात. त्यांना आमचे एकच सांगणे आहे. आधी आपल्याच भागाचा इतिहास पाहा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधी तो पश्चिम खानदेशाचा, आणि त्याही आधी अखंड खानदेशाचा भाग होता. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात शंभरातले ६९ लोक आदिवासी आहेत. या मुलुखात गेली दोनशे वर्षे कुणाला गुन्हेगार म्हणायचे, कुणाचा गुन्हा माफ करायचा आणि कुणाचा जपून ठेवायचा, हे ठरवणारे हात नेहमी दुसऱ्यांचेच राहिले आहेत.

१८२५ : माफी मिळाली, हक्क नाही

१८१८ साल आपल्याला भीमा कोरेगावमुळे पाठ आहे. त्याच वर्षी पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल नाईक घाटांची राखण करत आणि त्याबदल्यात गावांकडून आपला हक्क घेत. नव्या सरकारच्या दप्तरात हीच माणसे 'लुटारू' झाली. सरकारने सैन्य पाठवले, नाईकांना पकडले, काहींना फासावर दिले. सात वर्षे हे चालले, तरी डोंगर शांत झाला नाही.

अखेर १८२५ मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. त्यांपैकी एकीकडे नंदुरबार-सुलतानपूरचा वायव्य भाग होता. जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. शरण येणाऱ्यांचे मागचे गुन्हे माफ झाले, शेतीसाठी जमीन आणि तगाई मिळू लागली. काल ज्यांच्या डोक्यावर इनाम होते तेच आज गणवेश घालून खजिन्यावर पहारा देऊ लागले.

जुने गुन्हे मोठ्या प्रमाणावर पुसण्याचा आपल्या मुलुखातला हा पहिला मोठा प्रयोग. त्याने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. 'भिल्ल जन्मतःच लुटारू' हा सिद्धांत खोटा होता. जमीन आणि काम मिळताच 'लुटारू' शेतकरी झाला, शिपाई झाला.

पण याच प्रयोगात एक खोट होती. माफी साहेबाच्या मर्जीची होती. पलटणीत या, शांत राहा, तर माफी. ज्या कारणामुळे संघर्ष पेटला ते जंगल आणि ते हक्क परत मिळालेच नाहीत. सेंधव्याच्या घाटाची राखण करण्यासाठी कंपनीच्या नोकरीत असलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये कंपनीविरुद्धच उठला, आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या. लाकूड तोडणे, गुरे चारणे, जंगलात नांगर धरणे हे पिढ्यांचे जगणेच गुन्हा होऊन बसले. एका हाताने जुने गुन्हे पुसले आणि दुसऱ्या हाताने नवे लिहिले. मर्जीने मिळालेली माफी अशीच असते.

१८७१ : मनूचा तर्क, साहेबाचा कायदा

दरम्यान १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला आणि १९२४ मध्ये तो एकत्रित स्वरूपात पुन्हा केला गेला. कायद्यामागचा युक्तिवाद साधा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार!

मित्रांनो, हा तर्क इंग्रजांनी विलायतेहून आणला नव्हता. जन्मावरून धंदा ठरतो आणि धंद्यावरून लायकी, हे इथल्या जातिव्यवस्थेचेच सूत्र आहे. साहेबाने त्याला फक्त सरकारी शिक्का मारला.

या कायद्याखाली एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की त्या माणसांची नावे रजिस्टरवर चढत. बोटांचे ठसे घेतले जात, रोज ठाण्यावर किंवा पाटलाकडे हजेरी द्यावी लागे, पासाशिवाय गाव सोडता येत नसे. सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी काटेरी तारांच्या वसाहती, म्हणजे सेटलमेंट, उभ्या राहिल्या. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा कितीतरी समाजांनी हे भोगले. साताऱ्याकडे मांग समाजाच्या वाट्यालाही हीच हजेरी आली. अण्णा भाऊ साठे ज्या समाजात जन्मले, त्या समाजाच्या मागे हा ससेमिरा होता.

इथे नोंद पुसण्याचा प्रश्नच येत नव्हता, कारण गुन्हा घडण्याआधीच नोंद तयार होती. मूल जन्माला यायचे आणि त्याचे पान वहीत आधीच कोरलेले असायचे.

बाबासाहेब खानदेशात आले होते

५ नोव्हेंबर १९२८ ला मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट. हे गृहस्थ त्याआधी मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते. समितीचे एक सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समितीचा अहवाल मार्च १९३० मध्ये आला.

याच समितीच्या कामासाठी १९२९ मध्ये बाबासाहेबांकडे खानदेशचे दोन जिल्हे होते. म्हणजे आजचा नंदुरबार ज्यात होता तो पश्चिम खानदेशही. त्याच दौऱ्यात चाळीसगावला काय घडले ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः लिहिले आहे. एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने घेऊन महारवाड्यातल्याच एकाने तो हाकला. त्याला सवय नव्हती, अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट, बॅरिस्टरीची सनद, सरकारी समितीचे सदस्यत्व, यांतले काहीही चाळीसगावच्या स्टेशनावर उपयोगी पडले नाही. टांगेवाल्याला एकच नोंद माहीत होती, जातीची.

म्हणून आम्ही म्हणतो, या देशातली सर्वात जुनी हिस्ट्रीशीट जात आहे. ती कुणी दाखल केली हे कुणी विचारत नाही, आणि कितीही चांगले वागले तरी ती बंद होत नाही.

बाबासाहेबांनी हा धागा नेमका पकडला होता. 'जातिभेद निर्मूलना'त त्यांनी विचारले की इतक्या प्राचीन संस्कृतीचा अभिमान सांगणाऱ्यांना, आपल्यामध्येच लाखो आदिवासी रानटी अवस्थेत आणि 'गुन्हेगार' म्हणून राहतात याची लाज का वाटत नाही? १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांना एकाच रांगेत उभे केले आणि जी संस्कृती असे तीन वर्ग निर्माण करते तिला संस्कृती म्हणावे का, असा सवाल टाकला. त्यांच्या लेखी हे तीन प्रश्न वेगळे नव्हते. 'पारध्याचा प्रश्न पारध्याचा, भिल्लाचा प्रश्न भिल्लाचा' असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या मंडळींनी ती प्रस्तावना पुन्हा वाचावी.

१९५२ : शिक्का गेला, वही राहिली

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने गुन्हेगार जमाती कायदा रद्द करण्याची शिफारस केली. मुंबई राज्याने तो आधीच गुंडाळला होता. देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तोच आपला विमुक्त दिन. कायद्याच्या भाषेत लाखो माणसांची 'जन्मजात गुन्हेगारी' एका दिवसात पुसली गेली. भारताच्या इतिहासात यापेक्षा मोठी पुसणी झालेली नाही.

पण त्याच समितीने जमातीच्या कायद्याऐवजी सराईत गुन्हेगारांचा कायदा करावा असेही सुचवले होते. राज्याराज्यांत तसे कायदे झाले. मुंबई राज्यात १९५९ मध्ये झाला. कागदावर फरक मोठा होता, कारण आता जमात नव्हे तर व्यक्ती नोंदवायची होती. प्रत्यक्षात ठाण्यातला शिपाई तोच, वही तीच आणि पालावर येणारी गाडीही तीच. 'विमुक्त' शब्दातली मुक्ती दप्तरापर्यंत पोहोचलीच नाही.

हे आम्ही रागाने बोलतो असे कुणाला वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय पाहा. ७ मे २०२४ च्या अमानतुल्ला खान प्रकरणात न्यायालयाने सांगितले की हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो जाहीर करायचा नाही, आणि मागास, अनुसूचित जाती-जमातींच्या निरपराध माणसांची नावे केवळ सवयीने त्यात घालायची नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरली, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढण्याचा आदेश झाला आणि विमुक्त जमातींना 'सवयीचे गुन्हेगार' समजणारे नियम रद्द झाले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाल्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावे लागले. यावरून वही किती चिवट असते ते समजावे.

दंडाची पावती : गुन्ह्याचा कागद की हक्काचा?

आता आपल्या जिल्ह्यात परत या. १९७१-७२ चा शहादा तालुका. जमिनी गेलेले भिल्ल सालदार म्हणून राबत होते. बागायतदारांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या आणि त्यांचे रखवालदार शेतातून जाणाऱ्या मजुराला 'पीकचोर' म्हणून धरत, मारत. ज्याची जमीन गेली तो चोर, आणि ज्याने ती घेतली तो फिर्यादी! मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. या अन्यायाविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन परत मागणाऱ्यांवर आणि मजुरी मागणाऱ्यांवर खटले भरले गेले. हक्क मागितला की गुन्हा दाखल, हा प्रकार नवा नाही.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरच्या डोंगरात वेगळीच गोष्ट घडली. जंगलजमीन कसणाऱ्यावर वनखाते अतिक्रमणाचा गुन्हा नोंदवी आणि दंड करी. घरोघरी त्या दंडाच्या पावत्या होत्या. २७ डिसेंबर १९७८ ला महाराष्ट्र सरकारने ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. मग प्रश्न आला की त्या तारखेआधी जमीन कसत होता याचा पुरावा काय? पुरावा होता तीच दंडाची पावती! पुढे वनहक्क कायदा २००६ आला आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायची वेळ आली, तेव्हाही दाव्यांच्या फायलींना त्याच पावत्या जोडल्या गेल्या. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवले त्याच कागदाने मुलाला जमिनीचा मालक ठरवले.

आणि ज्याला नाकेदाराने पावतीच दिली नाही, नुसतेच पैसे आणि कोंबडी नेली, तो पुराव्याअभावी अडकला.

या एका गोष्टीत आमचे सगळे म्हणणे आहे. पावतीवरचा मजकूर बदलला नाही. बदलला तो कायदा. म्हणजे 'गुन्हा' माणसाच्या रक्तात नव्हता, तो लिहिणाऱ्याच्या लेखणीत होता. वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच कबुली आहे की या समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला. अन्याय झाला हे संसदेने मान्य केले, मग त्या अन्यायाखाली नोंदवलेले 'गुन्हे' आजही गुन्हे म्हणून का मोजायचे?

यातून दुसरा धडाही घ्या. जुन्या नोंदी पुसा, ही मागणी करताना कागद जाळा असे म्हणू नका. त्या कागदावर कुणाचा तरी वनहक्क दावा उभा असेल. कागद राहू द्या, त्याचा डंख काढा. नोकरी, परवाना, पडताळणी यांत तो माणसाविरुद्ध वापरता येऊ नये, एवढीच मागणी नेमकी आहे.

कुणाचा तुरुंग सन्मानाचा, कुणाचा कलंकाचा

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती शहीद झाले. सरकारी दप्तरात ती बेकायदा मिरवणूक होती. आज आपण त्यांना वंदन करतो, आणि केलेच पाहिजे. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी तर तुरुंगाचा दाखलाच पुरावा मानला गेला. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये मानधन सुरू केले. एक महिन्यापेक्षा जास्त कैद भोगलेल्यांना तेव्हा दरमहा १०,००० रुपये. २०१९ मध्ये सरकार बदलले आणि २०२० मध्ये ते बंद झाले, २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले तेव्हा पुन्हा सुरू झाले.

आता दुसरी बाजू. त्याच २०१८ च्या १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर हल्ला झाला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला आणि राज्यभर आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितले की ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतले. उरलेल्यांचे काय? ज्या विद्यार्थ्याने त्या दोन वर्षांत भरतीची वयोमर्यादा ओलांडली, त्याचे काय?

एकाला तुरुंगात गेला म्हणून मानधन, दुसऱ्याला घोषणा दिली म्हणून नोकरी नाही. नोंद पुसायची की गौरवायची, हे सरकार कुणाचे आहे त्यावर ठरते. १८२५ चा साहेब आणि आजचा मंत्री, दोघांच्याही माफीत मर्जी आहे. खटले मागे घेण्याच्या याच अधिकाराचा वापर करून सत्तेतले लोक आपल्या दंगेखोरांनाही सोडवत असतात. म्हणून आम्हाला मर्जी नको. कायदा हवा.

आज हातात काय आहे?

शिक्षा भोगलेल्या प्रौढ माणसाची जुनी नोंद ठरावीक काळानंतर आपोआप निष्प्रभ करणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. इंग्लंडमध्ये तो १९७४ पासून आहे. शिक्षेनंतर ठरावीक वर्षे नव्या गुन्ह्याशिवाय गेली की बहुतेक नोकऱ्यांसाठी ती शिक्षा 'संपलेली' मानली जाते. अतिगंभीर शिक्षा आणि मुलांशी संबंधित कामे यांना अपवाद आहे.

आपल्याकडे तुकडे आहेत, आणि ते प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजेत.

एक, बाल न्याय कायदा २०१५, कलम २४. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडला तरी त्यामुळे पुढे अपात्रता येत नाही आणि नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांना अपवाद आहे.

दोन, परिवीक्षा कायदा १९५८, कलम १२. समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्याला त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दोष सिद्ध झाल्याची नोंद मात्र तशीच राहते.

तीन, अवतार सिंग निकाल, २१ जुलै २०१६. अर्जात माहिती खरी द्यावी लागते. मात्र तरुण वयात घोषणा देणे किंवा तसा किरकोळ गुन्हा असेल, तर लपवल्याचेही नियोक्ता आपल्या अधिकारात दुर्लक्ष करू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. 'करू शकतो', 'केलेच पाहिजे' नव्हे. पुन्हा मर्जीच! म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. माहिती लपवू नका. लपवाछपवीतच सर्वात जास्त नोकऱ्या जातात.

चार, आणि हे गावागावात सांगा. 'गुन्हा कबूल कर, दंड भर, सुटशील' असे कुणी सांगितले तर आधी वकिलाला विचारा. मोहाच्या दारूचा असो वा जुगाराचा, कबुली देऊन दंड भरला म्हणजे दोष सिद्ध झाला. ऊसतोडीला गुजरातेत जायचे आहे, तारखा परवडत नाहीत, म्हणून माणूस कबूल होतो आणि आयुष्यभराची नोंद विकत घेतो. तारखेला न जाता तसाच निघून गेला तर वॉरंट निघते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. तो वापरा.

'मग अत्याचार करणाऱ्यांचेही गुन्हे पुसणार का?'

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्या गावात आपल्या वस्तीवर हल्ला झाला, तिथला हल्लेखोर 'मलाही दुसरी संधी द्या' म्हणून उभा राहिला तर?

आमचे उत्तर असे. नोंद निष्प्रभ करण्याचा हक्क शिक्षा भोगल्यानंतरचा आहे, शिक्षेऐवजी नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे आणि स्त्रियांवरील, मुलांवरील लैंगिक गुन्हे यांना त्यातून वगळलेच पाहिजे, कारण तिथे नोंद हेच पुढच्या पीडितेचे संरक्षण आहे. फिर्यादीला बाजूला ठेवून सरकारने परस्पर खटला मागे घेणे, हेही आम्हाला मान्य नाही. आणि हे मात्र समजून घ्या की दांडग्यांना असल्या कायद्याची गरजच पडत नाही. त्यांची नोंद मुळात होत नाही, झाली तर साक्षीदार फुटतात. दुसरी संधी त्यांना आजही मिळते, तिसरी आणि दहावीही मिळते. कायद्याची गरज आहे ती ज्याला पहिली संधीच मिळाली नाही त्याला.

संविधानाच्या अनुच्छेद २० ने सांगितले आहे की एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही. शिक्षा भोगून आलेल्याला आयुष्यभर दारे बंद ठेवणे ही दुसरी शिक्षाच आहे, फक्त ती कुठल्याही न्यायाधीशाने सुनावलेली नसते.

आमच्या मागण्या

किरकोळ गुन्ह्यांची नोंद ठरावीक वर्षांनी अर्ज न करता आपोआप निष्प्रभ करणारा कायदा राज्याने करावा. निर्दोष सुटलेल्याची आणि मागे घेतलेल्या खटल्याची माहिती चारित्र्य पडताळणीत विचारू नये. वनहक्क मान्य झालेल्या जमिनीवरचे जुने वनगुन्हे गुन्हे म्हणून मोजू नयेत, मात्र त्यांचे कागद दावेदाराला पुरावा म्हणून मिळावेत. प्रत्येक ठाण्याने हिस्ट्रीशीटची तपासणी २०२४ च्या निर्णयांप्रमाणे करून विमुक्त, आदिवासी आणि दलित निरपराधांची नावे काढावीत.

यासाठी मोर्चाइतकेच वहीपेनाचे काम लागेल. आपापल्या वस्तीत बसून यादी करा. कुणावर कोणता गुन्हा, कोणत्या साली, खटल्याचे काय झाले, निकालाची प्रत हातात आहे का? कित्येकांना आपण निर्दोष सुटलो याचा कागदच मिळालेला नाही. दोनशे वर्षे आपली वही दुसऱ्यांनी लिहिली. आता ही वही आपण लिहू.

आणि पोलिसांची नोंद निष्प्रभ झाली तरी इतिहासातली नोंद आम्ही पुसू देणार नाही. हजेरी कुणी घेतली, जंगल कुणी बंद केले, गोळी कुणी झाडली, हे आमच्या पोरांना तारखेसकट माहीत असेल. माणसाच्या माथ्यावरचा शिक्का जावा, मारणाऱ्याच्या हाताचा ठसा राहावा.

जय भीम! जय जोहार!